आपल्या रानातल्या सापांसाठी

पंढरपूर तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर सर्पदंशाविषयी बोलताना मी वर्षानुवर्षे सांगत आलो, की साप कोणता याचा घोर करू नका, तो मारण्यात वेळ घालवू नका, दवाखाना गाठा; तिथलं इंजेक्शन सगळ्या सापांवर चालतं. यातलं शेवटचं वाक्य आता माझ्याच्यानं म्हणवत नाही.

ते इंजेक्शन, म्हणजे प्रतिविष, ही घोड्याच्या रक्तातली प्रतिपिंडं असतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांचं विष घोड्याला थोडं थोडं टोचतात. त्याविरुद्ध त्याच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं शुद्ध करून कुप्यांत भरतात. प्रतिपिंड विषातल्या प्रथिनाचा ठरावीक आकार ओळखून त्याला चिकटतं. आकार जरासा वेगळा असला तरी पकड बसते, पण सैल. फारच वेगळा असला तर बसतच नाही. म्हणूनच कोकणातल्या चापड्याच्या विषावर या औषधाचा भरवसा धरता येत नाही.

आल्बेर काल्मेत यांनी १८९५च्या सुमारास नागाच्या विषावर सीरम काढलं, तेव्हा ते इतर सापांवरही चालेल असं त्यांना वाटत होतं. व्हितल ब्राझील यांनी काही वर्षांतच दाखवून दिलं, की तसं होत नाही.

हे मी वाचलं होतं. तरी चार मुख्य साप औषधात आले म्हणजे आपल्यापुरता प्रश्न मिटला, असंच मला वाटे. मन बदललं ते विष कुठून येतं हे कळल्यावर. देशातल्या प्रतिविषासाठी लागणारं बरंचसं विष तमिळनाडूतल्या इरुला समाजाची सहकारी संस्था पुरवत आली आहे. त्यांच्या कसबाबद्दल मला नितांत आदर आहे. पण जात एक म्हणून विष एक नसतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले कार्तिक सुनगर आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवलंय, की एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं आणि काही ठिकाणी प्रचलित प्रतिविष तोकडं पडतं.

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, बहुतेक खेड्यांतली. ऊसतोडीला आलेली कुटुंबं आपल्याकडे पालात, जमिनीवर निजतात. मण्यार रात्री चावते, दंश अनेकदा जाणवतही नाही; मग पोटात दुखतं, पापण्या मिटू लागतात, श्वास अडतो.

दवाखान्यात तातडीनं जा, हे मी आजही तितक्याच कळकळीनं सांगतो, कारण आहे त्या औषधानंही माणसं वाचतात. त्याच्या जोडीला आता प्रत्येक सभेत मागणी करतो : महाराष्ट्रातल्या सापांच्या विषावर प्रतिविष तयार करा, आणि तालुक्याच्या दवाखान्यात त्याच्याशेजारी कृत्रिम श्वासाचं यंत्र चालू स्थितीत ठेवा.