ऊन पाण्याचा हिशेब

चाळीत वाढलेल्या माणसाला पाण्याचा हिशेब कुणी शिकवावा लागत नाही. लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही सात माणसे राहत होतो आणि नळ पहाटे येऊन घटकाभरात जाई. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला आई तीनलाच उठून बंब पेटवी. बंबात पाणी किती, माणसे किती आणि प्रत्येकाला तांबे किती, हे गणित तिच्या डोक्यात पक्के असे. पहिला मान अण्णांचा, मग आजी, मग आम्ही चार भावंडे. आई शेवटची. तिच्या वाट्याला काय येई हे मी कधी पाहिले नाही. तोपर्यंत आम्ही फराळाच्या ताटाभोवती बसलेलो असू.

अण्णा गिरणीत बॉयलरवर होते. बोनस झाला की दरवर्षी ते आईला म्हणत, "यंदा तुला वज्रेश्वरीला नेतो. तिथे जमिनीतून ऊन पाणी येतं. हवं तितकं अंगावर घे." आणि दरवर्षी त्या बोनसला दुसरीच वाट फुटे. कधी बहिणीचे लग्न, कधी गावच्या घराची कौले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि आमच्या घरात बोनस हा शब्दच उच्चारेनासा झाला. पुढे अण्णाही गेले. वज्रेश्वरी राहिली ती राहिलीच.

तिची आठवण निघाली ती थेट अमेरिकेवरून! माझी भाची तिकडे असते. तिने यलोस्टोनच्या उद्यानातले फोटो पाठवले. १८७२ सालचे हे जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान. तिथे उन्हाळी, कारंजी, वाफेची विवरे मिळून दहा हजारांवर आहेत म्हणे. भाचीने लिहिले होते की त्या कुंडांत उतरायला सक्त मनाई आहे. काहींतले पाणी अक्षरशः उकळत असते. आईने चष्मा पुसून फोटो पाहिले आणि म्हणाली, "एवढं ऊन पाणी, आणि आंघोळ कुणीच करीत नाही?" मग थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "आपली वज्रेश्वरी राहिली की रे."

पुढच्याच रविवारी निघालो. गाडी मुलाने चालवायला घेतली. पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि आमच्या चिवडा गल्लीतला चिवडा एवढी शिदोरी बरोबर होती. शीव मागे पडले, ठाणे गेले, भिवंडीच्या गोदामांची रांग एकदाची संपली आणि अंबाडीच्या नाक्यानंतर दोन्ही बाजूंना भाताची खाचरे दिसू लागली. वज्रेश्वरीजवळ नदी लागली. मुलगा म्हणाला, "आजी, ही तानसा. हिच्यावरच वरच्या अंगाला १८९२ सालचं धरण आहे. त्याचं पाणी मुंबईला येतं."

"म्हणजे आपला नळ इथला!" आईने नदीला हात जोडले. मी मनात म्हटले, गार पाणी तेवढे बिचारे मुंबईपर्यंत आले. ऊन पाणी इथेच राहिले.

देवीच्या देवळाला बावन्न पायऱ्या आहेत. आईचे गुडघे पाहून मी म्हटले, खालूनच नमस्कार कर. पण ती दोनदा टेकून वर गेलीच. वर गेल्यावर मी तिला चिमाजी अप्पांचा नवस सांगितला. वसई सर झाली तर देऊळ बांधीन, असे ते बोलले होते. १७३९ मध्ये वसई पडली आणि देऊळ उभे राहिले. आई म्हणाली, "त्यांनी बोललेलं फेडलं." अण्णांचे नाव तिने घेतले नाही. मीही घेतले नाही.

तिथून अकलोलीच्या कुंडांवर गेलो. देवीने मारलेल्या दैत्यांचे रक्त म्हणजे हे पाणी, असे गावकरी सांगतात. मुलाचे शास्त्र वेगळे. पावसाचे पाणी काळ्या कातळाच्या भेगांतून खोल जाते. दर किलोमीटरला जमीन सुमारे २५ ते ३० अंशांनी तापत जाते. तिथे ऊन झालेले पाणी दुसऱ्या भेगेने वर येते. यलोस्टोनसारखा तापलेला लाव्हा खाली नाही. इथला लाव्हा निवून साडेसहा कोटी वर्षे झाली. पालघरच्या सातिवलीपासून राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत कोकणात अशा उन्हाळ्यांची माळच आहे.

कुंड काही चित्रातल्यासारखे नव्हते. सिमेंटचे काठ, साबणाचे कागद, वाळत घातलेली धोतरे! आम्ही मंडळी पाण्यात उतरलो. आई मात्र काठावरच उभी.

"अगं, ये ना!"

"तुमचं सगळ्यांचं होऊ दे. मी शेवटी."

"आई, हे संपत नाही!"

तिने कुंडाकडे निरखून पाहिले. पाणी खाली गेले आहे का, ते बघत असावी. मग सुनेचा हात धरून लुगड्यासकट एकेक पायरी उतरली आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसली. बराच वेळ काही बोलली नाही.

परतताना गणेशपुरीला नित्यानंदांच्या समाधीचे दर्शन घेऊन गाडीत बसलो, तेव्हा मी सहज विचारले, "दिवाळीत तुला शेवटी किती तांबे उरत गं?"

आई हसली. "उरायचं कुठलं? मी गारच घेत होते. माझ्या एकटीसाठी पुन्हा सरपण कोण जाळणार?"

माझी साठी उलटली आहे. ही गोष्ट मला त्या दिवशी कळली.

आता घरात गीझर आहे. बटण दाबले की हवे तितके ऊन पाणी. तरी आई आजही शेवटीच उठते. यंदा मात्र मी ठरवले आहे: उटणे लावून पहिली आंघोळ तिची. ती ऐकायची नाही, पहाटे चार वाजता आमच्या घरात भांडण होईल आणि सारी चाळ जागी होईल. होऊ दे.