तापीपल्याडची मानिनी

सुरत-भुसावळ लाईनला भेटायचं तर शहाद्याशेजारच्या आमच्या लोणखेड्याहून एसटी धरावी लागते. लाईन आपल्याकडे येत नाही. नाव मात्र तापीचंच लावते. किलिक निक्सन या एजंट कंपनीच्या कारभाराखाली ती जन्माला आली, तेव्हा रेल्वे कंपनीचं नावच ताप्ती व्हॅली रेल्वे होतं. पण उधना ते जळगाव या तीनशेवर किलोमीटरांत बाईनं तापी एकदाही ओलांडलेली नाही. पांझरेवर पूल घातला, अमळनेरला बोरीवर घातला. थोरल्या नदीचा विषय निघाला की दक्षिण काठ धरून मुकाट चालते. त्यामुळे शहादा-तळोदा जन्मभर पल्याड राहिले. इकडे ऊस पिकतो, केळी पिकते, कॉलेजंही निघाली. रूळ तेवढा उगवला नाही.

आता गंमत बघा. ज्याच्या परसात इंजिन शिट्ट्या मारतं, तो उशी कानावर घेऊन झोपतो. तिचे खरे चाहते आमच्या बाजूचे. सुट्टीच्या दिवशी सारंगखेड्याचा पूल ओलांडून दोंडाईचा गाठायचं, फलाटाच्या टोकाला उभं राहायचं आणि नुसतं बघायचं. चहावाल्याला हे काही केल्या पटत नाही. ‘कथा जानं शे, भाऊ?’ तो विचारतो. ‘कथाच नही,’ म्हटलं की तो पैसे आधी मागून घेतो.

स्वभावानं ती पहिल्यापासून दुजाभाव करणारी. एकेरी रूळ होता तेव्हा पॅसेंजरला लूपवर उभं करून ठेवायची आणि नवजीवन, हावडा यांना दणदणत पुढे सोडायची. पॅसेंजरमध्ये कोण, तर सुरतेच्या यंत्रमागांवर कामाला चाललेली पोरं, बारडोलीकडे ऊसतोडीला निघालेली कुटुंबं, मिरचीची पोती आणि एखादं अख्खं वऱ्हाड. ‘क्रॉसिंग शे’ एवढ्या दोन शब्दांवर ही माणसं तास-तास काढत. कुणी खाली उतरून बिडी ओढी, कुणी भाकर सोडी. अर्धा खानदेश तिनं असा बसवून बसवून सुरतेला नेला. उधन्याच्या गल्ल्यांत आज अहिराणी ऐकू येते, त्याचं बरंचसं श्रेय या बाईला. तिला ते सांगितलं तर ती म्हणेल, मी कुठं बोलावलं होतं?

सगळा नखरा बघायचा असेल तर नवापूरला जा. स्टेशन जुनं, मुंबई राज्याच्या काळातलं. 1 मे 1960 ला राज्याचे दोन तुकडे झाले आणि सीमारेषा नेमकी फलाटावरून गेली. दुसरी एखादी असती तर कानकोंडी झाली असती. हिनं त्याचा दागिना केला. तिकीट काढायचं महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर बसणार गुजरातेत. घोषणा चार भाषांत. मधल्या बाकड्यावर रेघ ओढून दोन्ही राज्यांची नावं रंगवलेली, आणि तिथे फोटो काढायला रांग. सुरतेकडे तोंड केलेल्या गाडीचं इंजिन गुजरातेत आणि शेपूट महाराष्ट्रात, असं ती रोज उभी राहते आणि दोन्ही सरकारांना चालवून घ्यायला लावते.

अंगापिंडानं भक्कम, आणि त्याचा तोरा मोठा. पाचोरा-जामनेरची धाकटी अडीच फुटी होती, जगातल्या बहुतेक बड्या रेल्वे पावणेपाच फुटांच्या आत. ही साडेपाच फूट, 1676 मिलिमीटर. घरात टेबलावर तिची छोटी प्रतिकृती मांडू पाहणाऱ्यांची हाडं ती इथेच मोडते. बाजारात मिळणारे एचओ मापाचे रूळ 16.5 मिलिमीटरचे. ते युरोप-अमेरिकेच्या रेल्वेच्या 87 व्या हिश्श्याला बरोबर बसतात. हिचा तेवढाच हिस्सा काढला तर सव्वाएकोणीस भरतो. म्हणजे तयार रुळावर मांडली की अंग रुंद आणि पाय जवळजवळ, घट्ट जोडा घातलेल्या पैलवानासारखी दिसते. मग काही जण स्वतःच पट्ट्या कापून रूळ डकवतात, बाकीचे डोळेझाक करतात. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, 1998 पासूनचं. तिथं सिग्नल, फाटकं, गाड्या सगळं वेळेवर चालतं. वेळेवर चालणं हा हिचा गुण नव्हेच, त्यामुळे हुबेहूब प्रतिकृती करायची तर पॅसेंजर आधी अर्धा तास लूपवर ठेवावी लागेल.

अलीकडे बाईंनी रूप पालटलं. दुसरा रूळ आला, डोक्यावर विजेची तार आली. आमच्यातल्या जुन्या मंडळींना हे अजून पचलेलं नाही. डब्ल्यूडीएम-टू इंजिन फलाट सोडताना काळा धूर ओकायचं, धपधपत जोर धरायचं, आणि शर्टावर त्याची खूण घेऊन माणूस घरी परतायचा. आता डब्ल्यूएपी-सेव्हन येतं, गुणगुणतं, जातं. कपडे स्वच्छ राहतात. घरच्यांना तेवढंच समाधान. मात्र उकाईच्या वीज केंद्राकडे निघालेली कोळशाची मालगाडी आली की वाघिणी मोजायची खोड अजून सुटलेली नाही. अठ्ठावन्न झाल्या की जीव शांत, एखादी कमी भरली तर वाद.

अशा गर्विष्ठ बाईला सवत येणार, हे मात्र कुणाला वाटलं नव्हतं. मनमाड-इंदूर मार्गाला सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. धुळ्याकडून येऊन ती नरडाण्याला हिला भेटणार आणि तशीच पुढे शिरपूरकडे जाणार, म्हणजे हिला जे सव्वाशे वर्षांत जमलं नाही ते करणार: तापी ओलांडणार. लोणखेड्याला याचा उपयोग शून्य, शहादा याही नकाशात बाजूलाच. तरी इथल्या रेल्वेवेड्यांनी नरडाण्याला कुठे उभं राहिलं म्हणजे दोघी एकदम दिसतील, यावर आत्ताच भांडण सुरू केलं आहे.