बाबांची वही आणि स्वॅप फाइल

परवा माळा आवरताना बाबांची निळी वही सापडली आणि २००५ सालची ती रात्र आठवली.

तेव्हा घरी २५६ एमबी रॅम आणि ४० जीबी हार्ड डिस्कचा, विंडोज एक्सपीवाला पीसी होता. निवृत्तीनंतर बाबा त्यावर लहानपणच्या आठवणी टाईप करायचे. एका बोटाने! मशीन इतकं रखडायचं की म्हणायचे, "अरे, हा माझ्याआधीच म्हातारा झाला!"

मी घरातला स्वयंघोषित तज्ज्ञ. कुठेतरी वाचलं होतं, स्वॅप फाइल वेगळ्या पार्टिशनवर हलवली की वेग वाढतो. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा समजा. ओटा भरला की सध्या नको असलेले डबे माळ्यावर जातात, लागले की पुन्हा खाली. तो माळा म्हणजे स्वॅप फाइल. तिला स्वतंत्र खोली दिली की फाइलचे तुकडे होत नाहीत, हे खरंच आहे.

एक्सपीला पार्टिशन लहान करता येत नसे, म्हणून वेगळं सॉफ्टवेअर लावलं. बॅकअप? छे, थोड्या वेळाचं तर काम! नेमकी अर्ध्यात लाईट गेली. यूपीएस नव्हता. बाबांची साठ पानं गेली.

सगळं पुन्हा इन्स्टॉल केलं, डिस्कच्या शेवटी एक जीबीचं पार्टिशनही केलं. वेग? होता तेवढाच. कारण खोली वेगळी झाली तरी डिस्क तीच, वाचणारं हेड तेच. ते बिचारं या टोकाहून त्या टोकाला येरझाऱ्या घालत राहिलं. खरा फायदा होतो तो स्वॅप दुसऱ्या डिस्कवर ठेवली तर. आणि खरं औषध म्हणजे ओटा मोठा करणं. पुढच्या महिन्यात रॅम दुप्पट केली आणि मशीन पळायला लागलं.

बाबा रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी ही वही आणली आणि म्हणाले, "असू दे रे. पुन्हा आठवतील तेवढ्या खऱ्या."

चाळीस पानं झाली. २०१६ मध्ये बाबा गेले.

आता माझ्या लॅपटॉपमध्ये एसएसडी आहे. हेडच नाही, त्यामुळे येरझाऱ्यांचा प्रश्नही संपला. वही टाईप करायला घेतली आहे, रोज दोन ठिकाणी बॅकअप घेतो.

उरलेल्या वीस पानांत काय होतं, ते मात्र विचारायचं राहून गेलं.