तड्याचे वाचन

गाडी घरी येऊन तो बाविसावा दिवस होता. नागपूरचा मे महिना, पारा ४४ अंशांच्या वर. महाविद्यालयाच्या आवारात दिवसभर तापलेल्या गाडीत आम्ही दोघे बसलो, एसी पूर्ण सोडला, आणि थोड्या वेळाने पुढच्या काचेवर वायपरपासून वर सरकत गेलेली एक वीतभर रेघ दिसली. केस चिकटला असावा असे वाटून आम्ही ती पुसून पाहिली.

हमीपत्रात काच होती, पण उत्पादनदोष असेल तरच. बाह्य आघात असेल तर नाही. म्हणजे सगळा वाद तड्याच्या उगमाचा. पुढची काच ही दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा दाबून केलेली असते, म्हणून ती विखुरत नाही, नुसती तडकते. खडा लागला तर त्या जागी बारीक खळगा पडतो आणि तडा तिथून निघतो. काचेत मुळातच ताण राहिला असेल किंवा ती चौकटीत नीट बसली नसेल, तर तडा कडेपासून सुरू होतो, खळगा नसतो.

सर्व्हिस सेंटरमधल्या तरुणाने खिशातले बॉलपेन काढून त्याचे टोक रेघेवरून फिरवले, मोडी वाचणाऱ्याच्या एकाग्रतेने. कडेपासून चार बोटांवर ते अडखळले. "दगड लागला आहे, सर." आम्हीही बोट फिरवले. तिळाएवढे काहीतरी लागले खरे; पण रेघ त्याच्याही खाली, कडेच्या काळ्या पट्ट्यात शिरली होती. ती कडेकडून निघून वाटेत खळग्याला भेटली, की खळग्यातून निघून कडेला गेली? रेघेला दिशा नसते. संहितेच्या अनेकार्थतेवर आम्ही वर्गात पुष्कळ बोललो आहोत. तिची किंमत कधी भरावी लागली नव्हती.

तीन आठवडे पत्रव्यवहार चालला. कंपनीच्या इंग्रजी उत्तरांत आघाताची खूण 'आढळली' होती. कोणाला आढळली, हे वाक्यात कुठेच नव्हते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अशा प्रसंगी वस्तू प्रयोगशाळेत तपासून घेण्याची सोय आहे. मात्र तोवर काच बदलू नका, असे एका वकील स्नेह्यांनी सांगितले. तो तडा डोळ्यांसमोर धरून रोज वर्धा रस्त्याने जायचे, या कल्पनेनेच आमचा न्यायाचा आग्रह मवाळ झाला.

आणि आणखी एक गोष्ट होती, जी आम्ही कोणत्याच पत्रात लिहिली नव्हती. आदल्या संध्याकाळी बुटीबोरीजवळ गिट्टीच्या ट्रकमागे असताना आमच्यापैकी एकाला 'टक्' असा आवाज आला होता. दुसरे उत्तरपत्रिकांविषयी बोलत होते. त्यांनी काही ऐकले नाही. 'गाडीला कोणताही आघात झालेला नाही' हे तक्रारीतले वाक्य न ऐकणाऱ्याने लिहिले. ऐकणाऱ्याने शुद्धलेखन तपासले. त्या आवाजाविषयी घरात आम्ही एकमेकांशीही बोललो नाही, हे आता लिहितानाच जाणवते आहे.

शेवटी विम्याकडे वळलो. काचेवर घसारा कापत नाहीत; आमच्यासारख्या लहान इंजिनच्या गाडीला १००० रुपये पदरचे घालावे लागतात आणि नूतनीकरणाच्या वेळी मिळणारी २० टक्क्यांची सवलत जाते. हरकत नव्हती. मात्र विम्याला बाह्य कारण लागते. जो खडा नाकारण्यात आम्ही तीन आठवडे घालवले, तोच आता आम्हाला हवा होता!

अर्जात 'घटना कशी घडली' या प्रश्नाखाली दोनच ओळींची जागा होती. आम्ही तिथेच टेबलाशी उभे राहून, बऱ्याच खाडाखोडीनंतर लिहिले : 'गिट्टीच्या ट्रकमागे असताना काचेवर काही लागल्याचा आवाज आल्यासारखे वाटले. तडा दुसऱ्या दिवशी दिसला.' विमा प्रतिनिधींनी ते वाचले, पेन मागितले, 'आल्यासारखे वाटले' एवढेच शब्द खोडून वर 'आला' असे लिहिले, आणि त्या दुरुस्तीशेजारी सही करायला सांगितली.

गाडी ज्याच्या नावावर होती त्याने सही केली. आवाज ऐकला होता तो दुसऱ्याने.