मोटार बांधण्याची तजवीज

ज्याने आपल्या नोकरीचा सारा काळ दुसऱ्यांच्या जमाखर्चाच्या वह्या तपासण्यात घालवला, आणि सायकलची चेन उतरल्याखेरीज ज्याच्या हाती पाना येण्याचा प्रसंग क्वचितच उद्भवला, अशा माणसाने सेवानिवृत्तीनंतर स्वतःच्या हातांनी मोटार बांधण्याचा संकल्प सोडावा, यात काही विसंगती आहे हे आमच्या सौभाग्यवतींनी मला प्रथम दिवशीच निःसंदिग्ध शब्दांत ऐकवले. परंतु कॉव्हेंट्रीसारख्या, मोटारींच्याच कारखान्यांवर वाढलेल्या शहरात ही विसंगती फारशी कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. सुट्या भागांचा संच आणून घरच्या गॅरेजात गाडी उभी करणारे लोक इंग्लंडात सर्व थरांत आढळतात, आणि अशा गाडीला किट कार म्हणतात.

या छंदाकडे माझे मन ओढले गेले ते इंजिनाच्या आवाजाने नव्हे. हा छंद यंत्रशास्त्राच्या नव्हे तर करआकारणीच्या पोटी जन्मला, हे कळले तेव्हाच माझ्यातला हिशेबनीस जागा झाला. 1940 साली येथे विक्रेय वस्तूंवर जो खरेदी कर बसला तो तयार मोटारीवर द्यावा लागे, सुट्या भागांच्या संचावर नव्हे. आणि 1957 साली कॉलिन चॅपमन यांनी लोटस सेव्हन ही हलकी, उघडी, दोन आसनांची गाडी बाजारात आणली तेव्हा ती संचरूपानेही विकून या सवलतीचा पुरेपूर लाभ गिऱ्हाइकांस करून दिला. संचासोबत जोडणीच्या सूचना देण्यास बंदी असल्यामुळे कंपनी गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना देई, व गिऱ्हाइकाने त्या शेवटाकडून वाचाव्या, अशी एक आख्यायिका येथे मोठ्या चवीने सांगतात. 1973 साली खरेदी कर रद्द होऊन मूल्यवर्धित कर आला, सवलत संपली, आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क लोटसकडून केटरहॅमकडे गेले. ज्या कराला चुकवण्यासाठी हा उद्योग सुरू झाला तो कर इतिहासजमा झाला, तरी उद्योग काही थांबला नाही! (त्याच घाटाची गाडी पुढे आमच्या अलिबागेस चिंकारा मोटर्सने बांधली, तीही अँबॅसडरमधल्या इसुझूच्या 1.8 लिटर इंजिनावर, हे ऐकून माझा पेणचा भाचा अद्याप मला खोटे ठरवतो आहे.)

माझा पहिला विचार अर्थातच सर्वांत स्वस्त मार्गाचा होता. रॉन चॅम्पियन या शिक्षकाने 1996 साली एक पुस्तक लिहून, एक इंची चौकोनी पोलादी नळ्या वेल्डिंगने जोडून अडीचशे पौंडांतही क्रीडामोटार बांधता येते असे प्रतिपादन केले, आणि त्या पुस्तकाने शेकडो गॅरेजांतून ठिणग्या उडवल्या. तो ग्रंथ मी शेजारच्या वृद्ध गृहस्थांना दाखवला. त्यांची हयात मोटारीच्या कारखान्यात गेलेली. त्यांनी पाने चाळून पुस्तक मिटले व म्हणाले, "तुम्ही वेल्डिंग शिकायला निघालात तर दोन वर्षांनी तुम्हाला वेल्डिंग येईल, गाडी येणार नाही." तेव्हा सांगाडा, म्हणजे चॅसी, तयारच विकत घ्यायचा, असा पहिला ठराव झाला.

दुसरा उपदेश त्यांनी केला तो मात्र मला प्रारंभी उलट्या काळजाचा वाटला. माहितीपत्रके बाजूला ठेवा आणि परीक्षकाची नियमावली आधी वाचा, असे त्यांचे म्हणणे. घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी सरकारी तपासणीतून पार पडावी लागते. 2009 पासून तिला आयव्हीए म्हणतात. ती नियमावली वाचताना मला आमच्या जुन्या लेखापरीक्षण संहितेची आठवण झाली, इतकी ती शंकेखोर व न्यायी आहे. वेगमापकाने वास्तवापेक्षा अधिक वेग दाखवला तर काही मर्यादेपर्यंत क्षम्य, परंतु कमी दाखवणे सर्वथा वर्ज्य. वळणानंतर सुकाणूचक्र सैल सोडले असता ते आपण होऊन सरळ होऊ लागले पाहिजे. उभ्या गाडीचा आवाज 99 डेसिबलांच्या आत हवा.

सर्वांत मासलेवाईक नियम बाह्य कडांचा. स्टोनलीला भरलेल्या किट कारच्या प्रदर्शनात शेजारीबोवा मला घेऊन गेले ते खिशात लेथवर कातलेला एक लाकडी चेंडू घालूनच. त्याचा व्यास नेमका 100 मिलिमीटर. एका गाडीवाल्याची परवानगी काढून त्यांनी तो पुढच्या मडगार्डावरून सावकाश फिरवत नेला. पत्र्यावरून तो निर्वेध सरकला, आणि हेडलाइट धरणाऱ्या पट्टीपाशी येऊन टेकला. "इथे अंगठा फिरवा." मी फिरवला, पट्टीची कड विळीच्या पात्यासारखी लागली. असा चेंडू जेथे जेथे स्पर्श करू शकतो तेथील प्रत्येक कड निदान अडीच मिलिमीटर त्रिज्येने गोल केलेली असावी, नाहीतर तिच्यावर रबराची किनार किंवा बोल्टावर टोपी चढवलेली असावी, असा दंडक आहे. "ही धार कानशीने मोडायला दहा मिनिटं लागतात," ते म्हणाले, "पण रंग देण्याआधी." नियोजन शेवटापासून आरंभाकडे का करावे याचे याहून समर्पक विवेचन मला कोणत्याही ग्रंथात आढळले नाही.

पुढचा प्रश्न दात्या गाडीचा. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, चाकांचे हब आणि विजेच्या तारांचा जुडगा ही सामग्री जिच्यापासून घ्यायची ती ही जुनी गाडी. माझी पसंती माझ्दा एमएक्स-5 वर स्थिरावली. 1989 पासून निघालेली ही गाडी पुढे इंजिन व मागच्या चाकांना गती अशा जुन्या घाटाची आहे, आणि दाराखालच्या पत्र्यांना गंज लागून तिचा देह येथील दमट हवेत यंत्राच्या कितीतरी आधी जीर्ण होतो. त्यामुळे धडधाकट यंत्र पोटात असलेल्या निकामी गाड्या सहज मिळतात. मात्र तिचे नोंदणीपत्र हाती पडल्याशिवाय एक पैसाही मोजायचा नाही, कारण ज्या वाहनाचे वय व मूळ दस्तऐवजांनी शाबीत होत नाही त्याच्या क्रमांकारंभी स्वॉन्सीचे नोंदणी दप्तर क्यू हे अक्षर ठोकते. याच कारणास्तव, इतरांनी अर्धवट टाकलेले स्वस्त संच मी विचारातून काढून टाकले. त्यांत गाडी बहुधा पुरी असते, कागद अपुरे असतात. शिवाय वाहन हौशी माणसानेच बांधले हेही पावत्या आणि बांधणीच्या छायाचित्रांनी सिद्ध करावे लागते. या एका बाबतीत मी कोणत्याही इंग्रज मेस्त्रीला हार जाणार नाही: पावत्यांची खतावणी सांगाड्याच्या आधी तयार झाली आहे.

खरेदीचा अनुक्रमही त्याच खतावणीत बसवला. टायर सर्वांत शेवटी, कारण रबर गॅरेजात नुसते पडूनही म्हातारे होते, बॅटरीही तशीच. घोड्या, जॅक आणि टॉर्क रेंच मात्र पहिल्या दिवशी.

राहता राहिली जागा. आमचे गॅरेज आतून आठ फूट रुंद व सोळा फूट लांब. गाडी सुमारे दहा फूट. कागदावर हे ऐसपैस दिसते. परंतु इंजिन गिअरबॉक्ससह समोरून, यारीने उचलून आत उतरवायचे असते, आणि यारी पुढे ओढून तिचे पाय सांगाड्याखाली सरकवायला जी मोकळी जमीन लागते ती मोजली तेव्हा दार मिटण्याची शक्यता उरली नाही. सबब इंजिन बसवण्याचा दिवस कोरडा असला पाहिजे, हे कलम आराखड्यात दाखल झाले. येथील हवामानात ते धाडसाचेच आहे.

त्या आराखड्यावर सौभाग्यवतींची मंजुरी घेण्यास मी बसलो तेव्हा त्यांनी इंजिन, चॅसी, परीक्षा सारे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "अहो, ते सगळं ठीक, पण माझा डीप फ्रीझर कुठे जाणार?" ओले खोबरे, मटार आणि गणपतीसाठी आधीच केलेली मोदकांची बेगमी पोटात घेऊन तो फ्रीझर गॅरेजाच्या नेमक्या त्या भिंतीशी उभा आहे जिथे यारी यायची आहे. बरीच वाटाघाट होऊन तो तात्पुरता जेवणघरात हलवावा असे ठरले. आराखड्यात तशी नोंद मी केली. तिच्यापुढचा मुदतीचा रकाना मी रिकामा सोडला होता, तो त्यांनी माझ्याच पेनाने भरून टाकला.