बिनमिठाचा दर्या

दादाने ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि थुंकलं. "हेका मीठच नाय?" त्याने विचारलं, जणू कोणी त्याला फसवलं होतं. पहाटेचे साडेपाच वाजले होते. क्लीव्हलंडचे दिवे मागे पडत होते आणि समोर ईरी सरोवर. सरोवर म्हणायचं ते भूगोलाच्या पुस्तकात आहे म्हणून. पलीकडचा कॅनडाचा काठ दिसत नाही, क्षितिज समुद्राचंच, आणि क्षेत्रफळ जवळजवळ 25,700 चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास सात गोव्यांएवढं. मी ही तुलना दादाला सांगितली. तो म्हणाला, "पण मीठ नाय." आणि विषय संपला.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मधल्या एका गावात आमचं घर. वडील गेले तेव्हा मी अकरावीत होतो. होडी दादाने घेतली, पुस्तकं मी. अशी वाटणी कोणी बसून केली नव्हती, ती झाली. माझ्या इंजिनिअरिंगची फी बांगड्यांतून आणि तारल्यांतून भरली गेली हे मला माहीत होतं, आणि दादाने ते कधीच बोलून दाखवलं नाही. त्यामुळे ते विसरणं मला सोपं गेलं. सव्वीस वर्षांत तो पहिल्यांदा अमेरिकेत आला तोही माझ्या हृदयाच्या ऑपरेशननंतर, मी कसा आहे ते बघायला. तीन आठवडे सोफ्यावर बसून त्याचे पाय आखडले. शेजाऱ्याची चोवीस फुटी बोट होती, त्याला मी विचारलं. शेजारी पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेला, एकटा माणूस. त्याला दोन माणसं बोटीत मिळाली याचाच आनंद.

इकडे ज्याला ट्रोलिंग म्हणतात त्याचा आपल्या ट्रॉलरशी संबंध नाही, आणि इंटरनेटवरच्या शिवीगाळीशी तर नाहीच. जाळं नसतं. बोट अगदी सावकाश चालवायची आणि मागे दोऱ्या सोडून त्यांच्या टोकाची खोटी मासळी पाण्यात ओढत न्यायची. सुरमईसाठी आपल्याकडेही चालत्या होडीमागे गरी सोडतात. वडील परतताना सोडायचे. पण इथे त्याचं पार शास्त्र केलेलं आहे. प्रत्येक रिळावर आकडा, किती फूट दोरी सोडली त्याचा. ताटलीसारखी एक चकती दोरीला खोल खेचते. आणि नारिंगी रंगाच्या छोट्या फळ्या, पाण्यावर तरंगणाऱ्या, प्रत्येकीवर झेंडा. पाण्याच्या दाबाने त्या बोटीपासून बाजूला पळतात आणि आपापली दोरी सोबत नेतात. दोन्ही अंगांना फळ्या सोडल्या की बोटीला पंख फुटल्यासारखे दिसतात. मासा लागला की फळी मागे ओढली जाते, रांगेतून एकटीच गळते. नजर ठेवायची ती त्यावर.

वेग ताशी सव्वादोन मैल. "इतक्या हळू कोण होडी हाकता?" दादा म्हणाला. देवळात निघालेल्या म्हाताऱ्याची ती चाल. पण जुलैत मासा तसाच लागतो. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, खालचं थंड राहतं, दोन्ही मिसळत नाहीत आणि तळाशी प्राणवायू कमी पडतो. मासा त्या सीमेच्या जरा वर राहतो. आमच्याखाली सत्तर फूट पाणी होतं, आणि गऱ्या पस्तीस ते पंचेचाळीस फुटांवर.

पहिला मासा दादानेच ओढला. वॉलाय लढत नाही. ओलं गोणपाट ओढावं तसा येतो. वर आला तेव्हा दादा त्याच्या डोळ्यांकडेच बघत राहिला. डोळा धुरकट, काचेवर दूध सांडावं तसा. "मोतीबिंदू झालो हेका," तो म्हणाला. त्याचं स्वतःचं ऑपरेशन आदल्या वर्षी झालेलं. खरं उलट आहे. त्या डोळ्याच्या मागे परावर्तन करणारा एक थर असतो, मांजराच्या डोळ्यात असतो तसा, आणि अंधुक, गढूळ पाण्यात हा मासा इतरांपेक्षा चांगलं बघतो. दादाला ते पटलं नाही.

चौथा मासा साडेचौदा इंचांचा निघाला. ओहायोत पंधरा इंचांखालचा ठेवता येत नाही, आणि माणशी दिवसाला सहाच. शेजाऱ्याने तो परत सोडला. दादाने आजूबाजूला बघितलं. मैलभर कोणी नव्हतं. हसला, पण काही बोलला नाही. मग शेजाऱ्याने सांगितलं, मी भाषांतर करत गेलो. 1969 मध्ये इथली कायाहोगा नदी पेटली होती, पाण्यावरच्या तेलाने. 1970 मध्ये या माशांत पारा सापडला आणि मासेमारी थांबवली. तेव्हा तो शाळेत होता. घरात कोणी सरोवरातलं काही खात नसे. ओहायोच्या बाजूला आजही वॉलाय विक्रीसाठी धरता येत नाही. कॅनडाच्या बाजूला जाळी चालतात, पण दोन्ही देश मिळून दर वर्षी एकूण किती धरायचे तो आकडा ठरवतात.

"आकडो कोण पाळता?" दादाने विचारलं.

"पाळतात बहुतेक," मी म्हटलं. 2022 मध्ये इथल्याच एका स्पर्धेत माशांच्या पोटात शिशाचे गोळे भरलेले सापडले होते, तेही सांगितलं. त्यावर मात्र तो मनापासून हसला.

मग बराच वेळ काही लागलं नाही. या प्रकारात एक सोय आहे. तिघेही मागे, फळ्यांकडे बघत बसतात. कोणालाच कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

"शिमग्यात होडी इकलंय," दादा म्हणाला.

मी झेंड्यांवरून नजर हलवली नाही. शिमगा होऊन चार महिने झाले होते. दर रविवारी आम्ही फोनवर बोलत होतो.

एक लाख ऐंशी हजार. इंजिनासकट. इंजिनाचे पैसे मी 2017 मध्ये पाठवले होते, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला वाटलं होतं की माझं देणं फिटलं. घेणारा पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतो. रापणीला ओढायला माणसं मिळत नाहीत, दादा सांगत होता, पोरं हॉटेलांत आणि स्कुबावाल्यांकडे जातात. बाहेर पर्ससीनवाले, रात्री एलईडीचे दिवे लावून आख्खा थवा उचलणारे. तक्रारीचा सूर नव्हता. हवामान सांगावं तसं सांगत होता.

"माका सांगूचा होता," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. डॉक्टरांनी आवाज चढवायला बंदी केलेली.

"तू कधी इचारलंस?"

विचारलं नव्हतं. तब्येत विचारत होतो, वहिनीचा गुडघा, आंबा किती आला. होडी कशी आहे हे कधीच नाही. होडी असणारच, असं धरून चाललो होतो. वडिलांचं घर जसं असतं.

उजवीकडची दुसरी फळी गळली. शेजारी ओरडला, दादाने दांडी हातात घेतली, मी जाळी. नंतर लगेच डावीकडे आणखी एक. पुढची वीस मिनिटं आम्ही एकमेकांना फक्त "सोड", "धर", "जाळी खाली" एवढंच म्हणालो, आणि हातांना ते नीट जमत होतं.

शेजाऱ्याने मग सुकाणू दादाकडे दिलं. फळ्या मागे असताना सरळ जाऊन भागत नाही, नागमोडी जावं लागतं. वळणाच्या आतली फळी मंदावते, बाहेरची वेग घेते, आणि कोणत्या बाजूला मासा लागतो त्यावरून त्या दिवशी त्याला कोणता वेग आवडतो ते कळतं. हे मला समजायला दोन उन्हाळे लागले होते. दादाला कोणी सांगितलंच नाही. साडेदहाच्या सुमारास त्याने मानेवर हात फिरवला. "वारो फिरलो. मागे चल." शेजाऱ्याच्या फोनवर दुपारपर्यंत शांत असं होतं. पण त्याने दादाकडे एकदा बघितलं आणि दोऱ्या गुंडाळायला लागला. ईरी उथळ आहे, सरासरी खोली एकोणीस मीटर. वारा ईशान्येचा झाला की लाटा उंच नाही, पण तोकड्या आणि उभ्या उठतात, दोन लाटांमध्ये बोटीला श्वास घेऊ देत नाहीत. धक्क्याला लागलो तेव्हा मागे पाणी पांढरं झालं होतं.

अकरा मासे. शेजारी नळीने बोट धूत होता. दादा फळ्या पुसून पेटीत रचत होता, झेंडे एकाच बाजूला. "तुझा भाऊ तिकडे काय करतो?" शेजाऱ्याने मला विचारलं.

"ही इज अ फिशरमन," मी म्हटलं.

"वॉज," दादा म्हणाला. वर न बघता.

पाण्याच्या आवाजात शेजाऱ्याला ते ऐकू गेलं नसावं. त्याने मान डोलावली, म्हणाला, ते दिसतंच आहे. मी दादाला त्याचं भाषांतर करून सांगितलं नाही. मासे साफ करायच्या टेबलावर शेजारी दोन्ही बाजूंचं मांस काढून डोकी बादलीत टाकत होता. दादाने चौथ्या माशाला त्याचा हात धरला. बादली आपल्याकडे ओढली, डोकी एकेक करून नळाखाली धुतली आणि मला पिशवी आणायला सांगितलं. कोकम माझ्याकडे होतं. तिरफळं नव्हती.