वाचनाची पाळी

मागच्या बाकावरून शिट्टी आली की माझं डोकं फिरायचं. परळीजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेतला सहावीचा वर्ग. मार्चचं ऊन, खिडकीच्या कठड्यावर औष्णिक केंद्राच्या राखेचा थर, आणि त्यात ही शिट्टी. मी ओरडायचो, "बाहेर हो!" तो हसत बाहेर जायचा.

एकदा त्यानं पुढच्या मुलीची वेणी बाकाला बांधली. मी उठलो आणि त्याच्या कानाखाली लगावली. तो रडला नाही. गालाला हातही लावला नाही. म्हणाला, "झालं का सर? जाऊ बाहेर?"

त्या रात्री झोप आली नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण कायद्यापेक्षाही त्याचा प्रश्न टोचत होता. याला बाहेर जायची एवढी घाई का?

दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या खोड्या वहीत टिपायला लागलो. कुठला तास, त्याआधी काय चाललं होतं, नंतर मी काय केलं. आठवड्याभरात चित्र दिसलं. गणिताच्या तासाला एकही शिट्टी नाही. मराठीच्या तासाला एकेक जण परिच्छेद वाचत यायचा आणि त्याची पाळी दोन पोरांवर आली की शिट्टी. त्याला वाचता येत नव्हतं. मी जिला शिक्षा समजत होतो, ती त्याची सुटका होती. आणि ती रोज मीच देत होतो.

त्याचे आईबाप ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाची उचल घेतलेली, म्हणून दिवाळीच्या आसपास गाव सोडायचं ते पट्टा पडल्यावरच परतायचं. हा कोपीवर धाकट्या बहिणीला सांभाळायचा. मागं राहणाऱ्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहं असतात, पण मग धाकटीला कोण बघणार? दरवर्षी त्याचा वर्ग पुढं सरकला, वाचन तिथंच राहिलं.

मारलं होतं वर्गासमोर, म्हणून माफीही वर्गासमोर मागितली. पोरं हसली. तो मान खाली घालून बसला.

मग आमचं ठरलं. उद्या वाचायच्या चार ओळी आजच सांगायच्या. परिपाठाआधी दहा मिनिटं दोघांनी बसून त्या वाचायच्या. शिट्ट्या थांबल्या नाहीत, कमी झाल्या. एप्रिलमध्ये तो पहिल्यांदा उभा राहून वाचायला लागला. एका जोडाक्षरापाशी अडला आणि मागून कुणीतरी हसलं. त्याच्या मुठी वळल्या. माझ्या तोंडात 'बाहेर हो' आलं होतं, ते गिळलं. त्यानं पुन्हा पुस्तकात बघितलं आणि ओळ पुरी केली.

यंदा दिवाळीनंतर तो पुन्हा गेला. जायच्या आदल्या दिवशी पुस्तक पिशवीत टाकताना त्यानं विचारलं, "सर, आल्यावर माझी पाळी कुठून?"

मी पान सांगितलं नाही. म्हटलं, "तू जिथवर येशील, तिथून."